दगडी पात्याची सुरी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या गारेच्या (काचेसारख्या फुटणाऱ्या अर्धपारदर्शक दगडाच्या) पात्यांवर लेख आला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: असं पातं हाताने घडवून, शिंगाची मूठ बसवून, कुणाला भेट देता येईल का? येईल. मात्र परदेशी व्हिडिओंत दिसतो तसा नारळाएवढा चकमकीचा दगड आणि हरणाचं शिंग हा मेळ आपल्याकडे जमत नाही, आणि जमवायला जाऊही नये. दख्खनच्या दगडात जे सापडतं आणि कायद्याने जे चालतं, त्यातूनच उत्तम सुरी होते. खालची उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

प्रश्न (दादर): मोठ्या भावाला खंडेनवमीला दगडी सुरी भेट द्यायचा विचार आहे. घरात आजीच्या सहाणेबरोबर सांबरशिंगाचा वीतभर तुकडा पडून आहे. आता तो कुणी उगाळत नाही. त्याचीच मूठ केली तर?

उत्तर: करू नका. कापू नका, विकू नका आणि भेट तर मुळीच देऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सांबर, चितळ, काळवीट यांची शिंगं ‘ट्रॉफी’ या व्याख्येत येतात. जनावर मारलेलं नाही, शिंग जंगलात गळून पडलेलं होतं, ही सबबही चालत नाही. जुन्या वस्तू ठेवायच्या तर मालकीचं प्रमाणपत्र लागतं. त्या जाहीर करण्याची संधी २००३ साली दिली गेली होती. तेव्हा नोंद झाली नसेल, तर तुकड्याचं काय करायचं ते जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. वस्तू घरातलीच आहे म्हणून तिची सुरी करून दुसऱ्याच्या हातात दिलीत, तर अडचणही त्याच्याच हातात दिल्यासारखं होईल.

मुठीसाठी म्हशीचं शिंग घ्या. ते पाळीव जनावराचं असल्याने वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही. (गव्याचं शिंग मात्र चालत नाही. दुकानदार कौतुकाने दाखवू लागला तरी परत ठेवा.) उत्तर प्रदेशातल्या संभळमध्ये शिंग आणि हाडकामाचा मोठा धंदा आहे. सुऱ्यांच्या मुठींसाठी कापलेले शिंगाचे ठोकळे तिथून मागवता येतात. बिलावर ‘म्हशीचं शिंग’ असं लिहून घ्या.

लाकडी मूठही कमअस्सल नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षं जुन्या माणसाजवळ गारेच्या पात्याचा खंजीर होता. त्याची मूठ ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची होती. हरणाचं शिंग त्याने मुठीला नव्हे, धार काढायच्या टोच्याला वापरलं होतं: लाकडी दांड्यात बसवलेलं शिंगाचं टोक, बाहेर जेमतेम काही मिलिमीटर. आपल्याकडे बाभूळ, चिंचेचा गाभा, शिसम, भेंड यांपैकी काहीही चालेल. पावसाळ्यात रस्त्यावर पडलेल्या फांद्यांत गुलमोहर भरपूर मिळतो, पण तो ठिसूळ. तो सोडा.

प्रश्न (मुलुंड): पात्यासाठी दगड कुठला? येऊरच्या ओढ्यात पांढरे, अर्धपारदर्शक गोटे दिसतात. ते आणले तर?

उत्तर: दगड तुम्ही बरोबर ओळखलात, जागा चुकलीत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. तिथून दगडच काय, पानही उचलायची परवानगी नाही. दुसरं म्हणजे साष्टीचा हा सगळा पट्टा अश्मयुगीन माणसाच्या वावराचा आहे. के. आर. यू. टॉड यांनी १९३०च्या दशकात कांदिवली आणि आसपासची दगडी हत्यारं प्रसिद्ध केली, ती याच भागातली. ओढ्यातली नखाएवढी चपटी कपची हे खरोखरीचं सूक्ष्मास्त्र, म्हणजे अश्मयुगीन माणसाचं बारीक दगडी हत्यार, असू शकतं. ती जागेवरून हलली की तिची माहितीही गेली. असं काही दिसलं तर फोटो काढा, जागा टिपा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

आता दगडाविषयी. मुंबईचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाट्या-वरवंट्याला उत्तम. त्याला टाकी लावता येते, घासून कुऱ्हाड करता येते, पण बारीक धारेची पातळ कपची त्यातून सहसा निघत नाही, कारण गारेच्या मानाने त्याचे कण भरड असतात. पात्यासाठी कण दिसणारच नाही इतका एकसंध, काचेसारखा फुटणारा दगड लागतो. तो याच बेसॉल्टच्या पोटात असतो: लाव्हा थंडावताना राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर सिलिका साचली आणि तिथे गार, अकीक, जास्पर तयार झाले. इनामगावच्या लोकांची पाती याच गारेची, शास्त्रीय नावाने कॅल्सेडोनीची.

विकत घ्यायचा तर खंबायतचा, म्हणजे गुजरातमधल्या खंभातचा अकीक घ्या. मणी-खडे कापणाऱ्यांकडे त्याच्या चकत्या मिळतात. ५ ते ६ मिलिमीटर जाडीची, साधारण ११ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद चकती मागा. पट्ट्या ठळक असलेला अकीक देखणा दिसतो, पण पट्ट्यांच्या सांध्यावर कपची अडते. एकरंगी, दुधी किंवा तपकिरी चकती घ्या. उजेडासमोर धरून आतली भेग बघा. मग दोन बोटांत हलकी लटकवून नाण्याने टिचकी मारा: निकोप चकती खणखणते, चिरलेली बद्द वाजते. रंगवलेल्या, विशेषतः भडक निळ्या-गुलाबी चकत्या टाळा.

पहिली पाच-सहा पाती मात्र काचेचीच करा. काचेच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेचे उरलेले तुकडे आणा, नाहीतर जाड बाटलीचा बूड घ्या. काच आणि गार एकाच रीतीने फुटतात, पण काचेला जोर कमी लागतो, त्यामुळे हाताला कोन कळतो. टफन्ड काच चालत नाही. पहिल्याच टवक्याला तिचा चुरा होतो. जुन्या टीव्हीच्या नळीची काचही नको, तिच्यात शिसं असतं.

प्रश्न (ठाणे): साधनं कोणती आणि मुंबईत कुठे मिळतील?

उत्तर: फार काही लागत नाही. लोहार चाळीत अर्थिंगची ८ गेजची तांब्याची तार मिळते, साधारण ४ मिलिमीटर जाड. तिचा ७-८ सेंटिमीटरचा तुकडा वीतभर लाकडी दांड्यात घट्ट बसवून टोक दीड सेंटिमीटर बाहेर ठेवा. हा झाला टोच्या, पात्याच्या कडेवर दाबून कपची काढायचं साधन. टोक सुईसारखं करू नका. ते वाकतं आणि दगडाची कड चुरडते. २ मिलिमीटरचं बोथट, गोलसर टोक हवं. बोथटलं की कानशीने घासू नका, हातोडीने ठोकून पुन्हा आकारात आणा. थंड ठोकल्याने तांबं कडक होतं आणि टोक जास्त टिकतं.

नागदेवी स्ट्रीटवर कार्बोरंडमचा भरड दगड घ्या, कड घासायला. धारावीत चामड्याच्या दुकानांतून ५-६ मिलिमीटर जाडीचा तळव्याचा चामडी तुकडा आणा, तळहाताएवढा. त्याच्या मधोमध बोटभर रुंदीची खाच कापा. ही खाच का लागते, ते पुढे येतंच. शिवाय बाजूंनीही बंद असलेला चष्मा, एन-९५ मास्क, जाड ताडपत्री आणि हातमोजे. हातमोजा दगड धरणाऱ्या हाताला हवाच.

प्रश्न (अंधेरी): आमचा वन-बीएचके आहे. बाल्कनीत बसून केलं तर चालेल का?

उत्तर: बाल्कनीला लागून कपडे वाळत असतील, शेजारचं मूल रांगत असेल, तर नाही. गार फोडताना आणि त्याहून जास्त घासताना सिलिकाची धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस हा अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने अभ्यासलेला, खरोखर जीव घेणारा आजार आहे. सुरी एकच करायची असली तरी शिस्त तीच. सोसायटीच्या परवानगीने गच्ची, वारा पाठीकडून. घासकाम नेहमी पाण्यात, परातीत दगड बुडवून. टवके ताडपत्रीवर गोळा करून जाड डब्यात, वर ‘काच’ असं लिहून कचऱ्यात. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

प्रश्न (विलेपार्ले): काचेवर सराव करते आहे. दोन गोष्टी सतत होतात. एक तर कपची मध्येच तुटून पायरी पडते, नाहीतर पातं अर्ध्यातून मोडतं. टोच्याचा जोर कमी पडतो की जास्त?

उत्तर: दोष जोराचा नाही, तयारीचा आहे. या कामात दाबायला एक मिनिट आणि कड तयार करायला पाच मिनिटं जातात. ज्याला घाई, त्याचं पातं मोडतं.

चकतीची कड मुळात चौकोनी असते, म्हणजे ९० अंशांची. ९० अंशांवरून कपची निघत नाही. आधी ओल्या कार्बोरंडमवर दोन्ही अंगांनी कड उतरती घासा, छपराच्या पाख्यांसारखी. मग कपची जिथून काढायची तिथे कडेचा कोन ६० ते ७० अंशांचा असावा.

आता पात्याकडे कडेच्या बाजूने बघा. टोच्याने निघणारी कपची खालच्या, तळहाताला टेकलेल्या अंगाची असते. त्यामुळे कडेची रेष जाडीच्या मध्यावर नको, मध्याच्या थोडी खाली हवी. रेष मध्याच्या वर राहिली तर टोच्या नुसती कड चुरडतो. रेष खाली आणायची तर घासायचा दगड कडेवरून खालून वर ओढा: वरच्या अंगाचे बारीक टवके उडतात आणि रेष खाली सरकते. त्यानंतर तोच दगड कडेच्या लांबीने पुढे-मागे फिरवून कड बोथट करा. शिकणारे हीच पायरी गाळतात. धारदार कड टोच्याखाली चुरडते, जोर तिथेच विरतो आणि कपची अर्ध्यावर अडकते. कड बोटाला खरखरीत लागली पाहिजे, कापता कामा नये.

दाब देताना आधी आत, मग खाली. टोच्या कडेवर टेकवून पात्याच्या मध्याच्या दिशेने जोर भरत न्या, आणि भरपूर जोर जमला की शेवटी मनगट किंचित खाली झुकवा. उलट क्रमाने, आधीच खाली दाबलंत, तर कपची आखूड येते आणि तिचं टोक बाहेर वळून तुटतं. तुम्ही पायरी म्हणता ती हीच. जोर मनगटाचा नको. दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आत टेकवा आणि मांड्या जवळ आणा. जोर मांड्यांतून येऊ द्या. असं केलं की हात थरथरत नाही.

पहिली कपची निघाली की दोन्ही बाजूंना उंचवट्याच्या रेघा राहतात. पुढची कपची त्या रेघेवर धरा, ५-६ मिलिमीटर बाजूला. कपची नेहमी उंचवट्याच्या मागून धावते. सपाट जागेवर टोच्या लावला तर ती पसरते आणि लवकर संपते. एका अंगाची एक पूर्ण रांग काढा, मग पातं उलटा, कड पुन्हा घासा, दुसरी रांग. मध्येच इकडे-तिकडे टोचत बसलं की कड नागमोडी होते आणि सरळ करताना रुंदी जाते.

पायरी पडलीच, तर त्याच जागेवर पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाला तिथे आणखी एक पायरी चढते आणि मधोमध गाठ उभी राहते. समोरच्या कडेवरून लांब कपची काढून ती गाठ मुळातून खणून काढायची. ते जमलं नाही तर गाठीच्या दोन्ही बाजूंनी कपच्या काढून तिला एकटी पाडा, मग तिच्यावरून एक.

अर्ध्यातून मोडण्याचं कारण वेगळं. पातं तळहातावर सगळीकडून टेकलेलं नसतं, मध्ये पोकळी राहते आणि दाबाखाली ते वाकतं. काचेला वाकणं माहीत नाही. चामड्याची खाच इथे उपयोगी येते. कपची सुटणार असेल तेवढीच जागा खाचेवर ठेवा, म्हणजे तिला सुटायला वाट मिळते आणि बाकीचं पातं चामड्यावर घट्ट बसतं. धरणाऱ्या हाताची बोटं पात्यावर पूर्ण लपेटा. टोकाकडच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये सर्वांत जास्त पाती मोडतात, म्हणून टोक शेवटी न ठेवता आधी घडवा, पातं जाड असतानाच.

प्रश्न (कल्याण): काचेवर हात बसला, पण अकीक अजिबात दाद देत नाही. भाजून घ्यावा असं ऐकलं. घरच्या ओव्हनमध्ये होईल?

उत्तर: ऐकलंत ते खरं. कच्चा अकीक चिवट असतो. सावकाश तापवून सावकाश थंड केला की तो मऊ सुटतो, आणि लोहाचा अंश असेल तर तांबूस होतो. खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत: गोटे उन्हात वाळवायचे, मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजायचे. (त्यांची फोडायची रीतही बघण्यासारखी आहे. जमिनीत रोवलेल्या लोखंडी कांबीच्या टोकाला गोटा टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकतात. लोखंडी हातोडीने गोटा तडकेल, शिंग धक्का जिरवतं.)

घरच्या ओव्हनची धाव २३०-२५० अंशांपर्यंत. अकीकाला साधारण ३०० ते ३५० लागतात. गॅसवर वाळूच्या कढईत करू नका. आच एकसारखी राहत नाही, आणि दमट दगड फुटून डोळ्याला लागू शकतो. मातीकाम शिकवणाऱ्या स्टुडिओत विजेची भट्टी असते, त्यांना विनंती करा. आधी १०० अंशांवर दिवसभर वाळवणं, मग ताशी २०-३० अंशांनी चढवणं, वरच्या तापमानाला चार-पाच तास, आणि भट्टी न उघडता आपोआप थंड. ४००च्या पुढे गेलं की आत जाळीदार भेगा पडतात. काम झालं की नाही हे कपची काढल्यावरच कळतं: बाहेरचं अंग पूर्वीसारखं मंद, आणि ताज्या कपचीची खळगी तुपकट चकाकणारी. ती चकाकी दिसली नाही तर भाजणं अपुरं. सगळ्यांत सोपं म्हणजे भाजलेलीच चकती मागणं.

प्रश्न (बोरिवली): मला नाशिकच्या एका खडेवाल्याकडून गारेचे लिंबाएवढे गोटे मिळाले. एवढ्यातून सुरी कशी होणार?

उत्तर: आमच्या मते तुमचीच सुरी सगळ्यांत देखणी होईल. इनामगाव, नेवासे, जोर्वे इथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांकडेही लहान गोटेच होते. त्यांनी लांब पात्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी गोट्याला एक सरळ कणा काढला, त्या कण्यावरून पहिली लांबट कपची उडवली, आणि तिने सोडलेल्या रेघांवरून एकामागून एक अरुंद, समांतर कडांची पाती काढली. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने चिकटवली की सलग धार तयार होते. विळे असेच बनत.

तुम्हाला ३ ते ४ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद अशी चार पाती पुरतात. आठ-दहा काढा आणि सारख्या जाडीची निवडा. प्रत्येकाची एक कड टोच्याने बोथट करा. ती खाचेत जाणार. धारेची कड हात न लावता तशीच राहू द्या. ताज्या कपचीच्या कडेइतकी बारीक धार नंतर घासून येत नाही. बाभळीच्या किंवा शिंगाच्या २० सेंटिमीटर पट्टीला एका बाजूने ५ मिलिमीटर खोल खाच पाडा. हॅकसॉची दोन पाती एकत्र बांधून कापलं की रुंदी नेमकी येते. पाती एकमेकांना टेकवून बसवा, फट ठेवू नका, नाहीतर दोरा तिथेच अडकेल. एक पातं तुटलं तर तेवढंच ऊब देऊन काढता येतं आणि दुसरं बसवता येतं. अखंड पात्याच्या सुरीला ही सोय नाही.

पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मूळ पाती बघून या. छायाचित्रात जाडीचा अंदाज येत नाही.

प्रश्न (गिरगाव): शिंगाच्या मुठीत पातं राळेने बसवलं. आठवड्यात राळ तडकली. दुसऱ्यांदा मेण वाढवलं तर मे महिन्यात गाडीत ठेवलेली सुरी हलायला लागली.

उत्तर: नुसती राळ काचेसारखी ठिसूळ, आणि मेण जास्त झालं की उन्हाने लोळते. मुंबईच्या हवेला मोजून चार चमचे राळेची पूड, एक सपाट चमचा मधमाश्यांचं मेण आणि एक ते दीड चमचा वस्त्रगाळ कोळशाची पूड हे प्रमाण ठेवा. कोळशाऐवजी विटेची पूडही चालते. पूड भर म्हणून नसते. राळेला तडा जाताना ती त्याला अडवते. लोखंडी पळीत, अगदी मंद आचेवर, राळ आधी, मग मेण, शेवटी पूड. उकळू देऊ नका. उकळलेली राळ ठिसूळ होते, शिवाय पेट घेते, म्हणून झाकण हाताशी ठेवा. थेंब थंड पाण्यात टाका आणि वाकवून बघा: टचकन मोडला तर किंचित मेण, नखाने खोक पडली तर पूड आणि राळ.

चपडा लाख हा दुसरा, जास्त मजबूत मार्ग. तलवारीच्या मुठीत पाती लाखेच्या मिश्रणानेच बसवत. फक्त लाख फार वेळ तापवली की ती रबरासारखी होते आणि पुन्हा वितळत नाही. लागेल तेवढीच आणि एकदाच तापवा.

मुठीबद्दल. म्हशीच्या शिंगाचा टोकाकडचा भरीव भाग घ्या, ११ सेंटिमीटर लांब, २२ ते २५ मिलिमीटर जाड. शिंग हवेतला दमटपणा शोषतं, पावसाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं. म्हणून कापलेला ठोकळा दोन-तीन आठवडे घरात मोकळा ठेवा, मग खाच पाडा. पात्याच्या शेपटीपेक्षा (मुठीत जाणाऱ्या टोकापेक्षा) मिलिमीटरभर जाड ड्रिलने एका ओळीत तीन भोकं, २५ मिलिमीटर खोल, मधल्या भिंती हॅकसॉच्या तुकड्याने काढा. ड्रिल सावकाश, केस जळल्यासारखा वास आला की थांबा, शिंग तापलंय आणि चिरेल. खाच पात्याच्या शेपटीपेक्षा सगळीकडून अर्धा मिलिमीटर मोठी हवी. अगदी घट्ट खाच केली तर जुलैमध्ये शिंग फुगून दगडावर दाब येतो, आणि मोडतो तो दगड.

पात्याच्या शेपटीची कड घासून पूर्ण बोथट करा, नाहीतर ती बांधणीचा दोरा आतून कापते. शेपटी आणि खाच दोन्ही कोमट करून मग राळ ओता. थंड दगडावर राळ फक्त टेकते, चिकटत नाही. तुमच्या पहिल्या तड्यामागे हेही असावं. वरून मेण लावलेला चांभारी दोरा, १२ ते १५ फेरे, शेजारी शेजारी, आणि त्यावर राळेचा पातळ हात.

शिंग १२०, २४०, ४००, ८०० अशा पॉलिश पेपरने पाण्यात घासा आणि शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवा. शिंगाला कसर लागते, तेव्हा पेटीत डांबरगोळी राहू द्या.

प्रश्न (चेंबूर): सुरी भेट दिली की भांडण होतं असं सासूबाई म्हणतात. शिवाय ज्याला द्यायची तो बंगळुरूला आहे. आणि ही स्वयंपाकात वापरता येते का?

उत्तर: सासूबाईंचा मान राखा. धारेची वस्तू हातात न देता खाली ठेवून द्यायची आणि समोरच्याकडून एक रुपया घ्यायचा, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते. ही रीत अनेक घरांत आहे.

बंगळुरूला विमानाने नेताना सुरी हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्या. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र नियमांचा प्रश्न उभा राहू शकतो, तुमचं ९-१० सेंटिमीटरचं पातं त्याच्या खूप आत आहे. म्यान २ मिलिमीटर जाडीच्या चामड्याचं करा आणि शिवणीच्या आतून चामड्याचीच एक पट्टी घाला, म्हणजे धार टाक्यांपर्यंत पोचणार नाही. पेटीत स्पंज पात्याच्या आकारात कापून बसवा. दगड धक्क्याने नाही, पेटीत आपटत राहिल्याने मोडतो.

स्वयंपाकात काचेचं पातं कधीच नाही. त्याचा बारीक टवका अन्नात गेला तर दिसतही नाही. अकीकाचंही आम्ही अन्नासाठी सुचवणार नाही. पाकिटं, दोरा, कागद, पातळ चामडं यांवर ते सुरेख चालतं, सरळ ओढत. पात्याला पीळ द्यायचा नाही आणि त्याने काही उचकटायचंही नाही. पाण्यात भिजत ठेवू नका, राळ सुटेल.

धार गेली की कडेवरून टोच्याने एक बारीक रांग काढतात. प्रत्येक वेळी रुंदी मिलिमीटर-दोन मिलिमीटरने कमी होते, म्हणून पातं सुरुवातीलाच ३ सेंटिमीटर रुंद ठेवा. पेटीत टोच्या, चामड्याचा तुकडा आणि कार्बोरंडमची कांडीही घाला, आणि टोच्याचं टोक किती बोथट ठेवायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या.